दोन चमचे पाणी

‘आत्या, नाक पुसू नकोस गं. तसंच राहू दे, छान दिसतंय,’ मोबाइलच्या मागून वर्षा म्हणाली.

मला साधी सर्दी झाली होती. पण वर्षाच्या मोबाइलला सर्दी आणि रडणं यांतला फरक कळत नाही, म्हणून मी नाक तसंच ठेवून बसले. छप्पन्न वर्षांच्या बाईने आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीवर असं अवघडून बसावं, हेही एकदा आयुष्यात व्हायचं होतं.

वर्षा माझी भाची. भावाची मुलगी. वापीला एका कंपनीत जाहिरातींचं काम करते आणि डहाणूला माझ्याकडे राहते. मी तलासरीकडे, हायवेपासून आत, एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होते. तो दवाखाना बंद पडला तेव्हा घरी बसून खायची सवय नव्हती, म्हणून खाजगी कामं घ्यायला लागले. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला आंघोळ. कामं फार नव्हती. मग वर्षाने माझं ‘सुषमा सिस्टर’ नावाचं पेज काढलं. पहिले तीन व्हिडिओ मी बेडसोअर कसे टाळावेत यावर केले. चौदा जणांनी पाहिले, त्यातले नऊ आमचे नातेवाईक.

‘आत्या, जखमा कुणाला बघायच्यात?’ वर्षा म्हणाली होती. ‘तुझी गोष्ट सांग. एखादा पेशंट, जो तू विसरली नाहीस. लोक सर्टिफिकेट बघून नाही बोलावत. गोष्ट ऐकून बोलावतात.’

मला तिचा राग आला होता, पण पोरगी खरं बोलत होती. चौथ्या व्हिडिओत मी हाल्या या पेशंटची गोष्ट सांगितली आणि आठवड्यात फोन थांबेना. आता माझ्या हाताखाली तीन मुली कामाला होत्या. वापीची एक मोठी कंपनी घरोघरी नर्स पुरवायचं काम सुरू करत होती, त्यांना सगळ्या जाहिरातींत माझाच चेहरा हवा होता. त्यांची माणसं शुक्रवारी येणार होती.

आज आम्ही दहावा व्हिडिओ करत होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात वर्षाने मोबाइल खाली केला आणि स्क्रीनकडे बघतच राहिली.

‘आत्या! हाल्याच्या मुलाची कॉमेंट आलीय!’

तिने मोठ्याने वाचली. ‘डाव्या हाताला सहा बोटं होती तो माझा बाप. हाल्या नाव त्याचं. माझी आई बायजी तुमाला भेटायला बोलते. पत्ता पाठवा.’ खाली नाव होतं चैत्या.

‘कसलं भारी आहे हे! अकरा वर्षांनी भेट! आत्या, तू काहीतरी बोल ना.’

मी म्हटलं, ‘सर्दी झालीय मला,’ आणि आत जाऊन मोरीत उगाच नळ सोडून उभी राहिले.

आता खरं काय ते सांगते, कारण वर्षालाही ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

हाल्या आमच्याकडे चार दिवस होता. फुप्फुसात पू झाला होता, उशिरा आणलेला. पुढे मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवा होता, पण त्यासाठीच्या फॉर्मला रेशनकार्ड लागत होतं आणि ते पाड्यावर घरी होतं. बायजी, त्याची बायको, चार दिवस खाटेखालीच झोपत होती. पाचव्या दिवशी सकाळी मीच तिला म्हटलं, ‘जा, कार्ड घेऊन ये. मी आहे ना इथे.’ ती जाईना. मी दोनदा म्हटलं, ‘अगं मी आहे.’ तेव्हा गेली.

त्या दिवशी तपासणीचे लोक येणार होते. मी टेबलाशी बसून रजिस्टरं पुरी करत होते. वॉर्डातून हाल्याचा आवाज आला. ‘सिस्टर बाय, पाणी.’ मी म्हटलं, ‘येते रे.’ त्याने परत हाक मारली. मी परत म्हटलं, ‘येते.’ एकच पान राहिलं होतं. ते पुरं करून मी गेले, तेव्हा तो गेला होता. तोंड उघडं होतं आणि पाण्याचा तांब्या खाटेपासून हातभर लांब.

औषधात चूक नव्हती. डॉक्टर म्हणाले, वाचणारच नव्हता. पण पाणी राहिलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. बायजी दुपारी कार्ड घेऊन आली, तेव्हा मी तिला ‘गेला गं’ एवढंच म्हटलं. ती काही विचारेल म्हणून मी तिच्यासमोर उभीसुद्धा राहिले नाही. तिने विचारलं नाही. कार्ड पदरात बांधून ती भिंतीला टेकून बसली.

आणि मग वर्षाच्या मोबाइलसमोर मी पहिल्यांदा हे सांगायला बसले. खरं सांगते, मी खोटं बोलायला बसले नव्हते. ‘तो म्हणाला, सिस्टर बाय, पाणी,’ इथपर्यंत सगळं खरं होतं. तिथे मी थांबले. समोर वर्षाचे डोळे भरून आले होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मी त्याला दोन चमचे पाणी पाजलं. माझा हात धरून तो गेला. सहा बोटांचा तो हात मला अजून जाणवतो.’ अकरा वर्षं जे व्हायला हवं होतं असं वाटत राहिलं, तेच बाहेर पडलं. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की दोन दिवस मला स्वतःलाच ते खरं वाटत होतं.

मोरीतून बाहेर आले तर वर्षाने चैत्याला पत्ता पाठवूनही दिला होता. ‘बुधवारी येतेय ती,’ म्हणाली. ‘मी सुट्टी टाकलीय.’

‘मला न विचारता?’

‘त्यात काय विचारायचं? ती आभार मानायला येतेय, आत्या. भांडायला थोडीच येतेय?’

मला काय माहीत होतं, ती कशाला येतेय! बाजूच्या खाटेवर तेव्हा एक म्हातारा होता. त्याने हाका ऐकल्या होत्या. तो त्यांच्याच पाड्याकडचा होता की काय? त्याने बायजीला सांगितलं असलं तर? चार माणसं घेऊन ती दारात उभी राहील आणि सगळ्या आळीसमोर विचारेल, कुणी पाणी पाजलं म्हणे? बुधवारपर्यंत हेच डोक्यात. फोन वाजला की दचकायचे. बेल वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघायचे. घरोघरी जाऊन बीपी मोजणाऱ्या बाईने मंगळवारी स्वतःचं मोजलं, तर वरचा आकडा एकशे सत्तर.

त्याच दिवशी मी परेशभाईंकडे गेले. चिकूची मोठी बाग आहे त्यांची, आई दोन वर्षं अंथरुणात. मी चादर बदलत होते, तर परेशभाई दारात उभे राहून म्हणाले, ‘सुषमाबेन, तुमचा विडियो मम्मीने चार वेळा बघितला. काय बोलली खबर आहे? बोलली, माझी वेळ आली ना, तर डॉक्टरला नको, सुषमाबेनला बोलाव. दोन चमची पाणी तिच्या हातचं पायजे.’

म्हातारी माझ्याकडे बघून हसली आणि तोंड उघडलं. तिला तेव्हाही पाणीच हवं होतं. मी चमचा भरला, पण हात इतका थरथरला की अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं. एकतीस वर्षांत माझा हात कधी हलला नव्हता.

‘तबियत बरी नाय काय, बेन?’

‘उन्हाचं झालंय,’ मी म्हटलं.

रिक्षात बसून मी ठरवलं की आज रात्रीच्या आत वर्षाला सांगून टाकायचं. घरी आले. ती नवा दिव्याचा स्टँड खोलीत लावून बघत होती, मला बघून म्हणाली, ‘शुक्रवारच्या लोकांनाही मी बुधवारचं सांगून ठेवलंय. खूश झाले.’ मी आत जाऊन भात लावला. भीतीने माणूस किती आज्ञाधारक होतो!

बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला बायजी आली. एकटीच. चार माणसं नाहीत, चैत्यासुद्धा नाही. त्याला कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. अकरा वर्षांत ती वाळून निम्मी झाली होती. लुगडं स्वच्छ होतं, पायातल्या चपला तिने जिन्याखालीच काढल्या होत्या. हातात पळसाच्या पानांत बांधलेले ताडगोळे.

‘वळखलं का, सिस्टर बाय?’

‘ओळखलं गं. ये.’

ती खुर्चीवर बसेना. भिंतीला टेकून खाली बसली, अगदी त्या दिवशीसारखी. मीही खाली बसले. वर्षाने तिला पाणी आणून दिलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. राग कुठे दिसतो का, ते शोधत होते.

‘पोर्‍यानं मोबाइलात दाखवलं तुमाला,’ ती म्हणाली. ‘मी पयले बोलली, ही ती सिस्टर नाय. ती बारीक होती. मग तुमी बोटांचं बोलल्या. मग बोलली, हाय, तीच.’

वर्षा खुदकन हसली. मला हसू आलं नाही.

‘त्या दिशी मी तुमाला काय विचारलंच नाय,’ बायजी पुढे म्हणाली. ‘तोंडाशी आलं होतं. माझ्या माणसाच्या तोंडात कुनी पाणी घातलं का, येवढंच विचारायचं होतं. पण भीती वाटली. तुमी नाय बोलल्या असत्या तर मी काय केलं असतं?’

म्हणजे अकरा वर्षांपूर्वी त्या वॉर्डात आम्ही दोघी एकाच प्रश्नाला भिऊन एकमेकींकडे बघत नव्हतो.

‘भगताला विचारलं,’ ती सांगत होती. ‘तो बोलला, घरचं कुनी नव्हतं, तहानेला गेला असंल. रोज सांजेला दिवस बुडायच्या आत दारात लोटाभर पाणी ठेव. येईल, पिऊन जाईल. तवापासनं ठेवते. कामाला जाते, कुठं पण जाते, पण सांजेला घरी. भिकीच्या, माझ्या लेकीच्या लग्नात पण मी मांडवातनं उठून घरी आली, लोटा भरला, परत गेली. भैनीच्या गावाला कधी राहिली नाय. लोक बोलायचे, बायजी येडी हाय.’

‘अकरा वर्षं? रोज?’ वर्षाने विचारलं.

‘रोज.’ मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा उजळला. ‘आन मग मोबाइलात तुमी बोलल्या. दोन चमचे पाणी पाजलं. मी किती रडली, बाय! त्याच्या तोंडात पाणी होतं. माणसाच्या हातचं. मी चैत्याला बोलली, आता लोटा नको. त्या दिसापासनं सोडला. पयल्यांदा भैनीकडं उधव्याला दोन रात राहून आली.’

तिने माझा हात हातात घेतला. तिच्या तळव्याला काम करून करून घट्टे पडले होते. ‘त्यानं हाच हात धरला होता ना?’

मी मान हलवली की नाही, ते मला आठवत नाही. मनात एकच विचार चालू होता. गप्प बस. काही बोलू नकोस. ती सुखात आहे. कुणाचं काय बिघडतंय? म्हातारी बाई बहिणीकडे राहून आली, तुझ्या हाताखाली तीन मुली कामाला लागल्या, शुक्रवारी माणसं येतायत. हे सगळं नीट चाललंय. फक्त गप्प बस.

‘काकी, हेच पुन्हा एकदा बोलाल?’ वर्षाने मोबाइल स्टँडवर लावला होता. तिचे डोळे खरोखरच पाणावले होते. तिला दोष देणार नाही मी. ‘आत्याचा हात धरूनच बोला. लोटा ठेवायच्या तुम्ही, ते सांगा. आणि आता का ठेवत नाही, ते सांगा.’

बायजी लाजली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, ओठ पुसले, पाठ ताठ केली. फोटो काढताना जुनी माणसं बसतात तशी बसली. वर्षाने दिवा लावला. तो उजेड बायजीच्या तोंडावर पडला तेव्हा मला दिसलं, ती मोबाइलशी बोलत नव्हती. ती पलीकडच्या कुणाला तरी ऐकू जावं, म्हणून बोलायला बसली होती.

‘या बायनं,’ तिने सुरुवात केली, ‘माझ्या माणसाला…’

‘वर्षा, बंद कर ते.’

‘काय झालं?’

‘बंद कर म्हटलं ना!’

माझा आवाज इतका चढला की बायजीने दचकून हात सोडला. मी तो परत धरला नाही. धरून बोलता आलं नसतं.

‘बायजी, मी त्याला पाणी पाजलं नाही.’

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

‘त्याने मागितलं होतं. दोनदा मागितलं. मी येते म्हणाले आणि लिहीत बसले. मी गेले तेव्हा तो गेला होता. मी तिथे नव्हते. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. मोबाइलात मी खोटं बोलले.’

वर्षा म्हणाली, ‘आत्या!’ खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती. मला वाटलं, आता ही ओरडेल. मारेल. मारावं असंही वाटलं.

‘दोनदा मागितलं?’ बायजीने हळू विचारलं.

‘हो.’

‘आन तांब्या?’

‘होता. त्याचा हात पोचत नव्हता.’

ती भिंतीकडे बघत बोटं मोजायला लागली. एक हात झाला, दुसरा झाला, मग दोन्ही परत. मला आधी कळेना. मग ती स्वतःशीच म्हणाली, ‘वीस. वीस दिस झाले, लोटा नाय ठेवला मी.’ आणि ज्या चेहऱ्यावर मी ती आल्यापासून राग शोधत होते, त्याच्यावर मला भीती दिसली. माझी चार दिवसांची भीती तिच्यापुढे काहीच नव्हती. ‘उन्हाळ्याचे दिस. तो येऊन बघून गेला असंल.’

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, पण झटकन. ‘किती वाजले?’

‘पावणेचार,’ वर्षा म्हणाली.

‘एसटी?’

‘आता साडेपाचला आहे.’

‘साडेपाचला नाय चालणार.’ ती दाराकडे निघाली. उंबऱ्यात थांबून मागे वळली. माझ्याकडे नाही, ताडगोळ्यांकडे बघून म्हणाली, ‘ते गोळे आजच खा. उद्याला आंबतात.’

मी पिशवी उचलून, चपला अडकवून तिच्या मागे गेले. वर्षा जिन्यावरून म्हणाली, ‘आत्या, शुक्रवारचं काय करू?’ मी म्हटलं, ‘तो व्हिडिओ काढून टाक. त्यांना खरं सांग.’ ‘अगं पण मग सगळंच…’ ती म्हणाली. मलाही ते माहीत होतं. परेशभाईंची आई, तीन मुली, सगळं माहीत होतं. तरी मी जिना उतरले.

बायजी उन्हातून भराभर चालत होती. मी रिक्षा थांबवली, ती बसली नाही. स्टेशनजवळ चारोटीची जीप उभी होती. ड्रायव्हर बाहेर तंबाखू मळत होता. बायजी आत शिरून बसली. ‘चल,’ त्याला म्हणाली.

‘अजून एक शीट बाकी हाय, मावशी. भरली की निघतो.’

‘मला दिवस बुडायच्या आत तलासरीला जायाचं.’

‘हे बघ, जीप भरल्याशिवाय नाय निघत. सगळ्यांना घाई हाय.’

मी पुढे होऊन दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसले. ‘झाली भरली,’ मी ड्रायव्हरला म्हटलं.

बायजीने माझ्याकडे पाहिलं. उतर म्हणाली नाही. आपलं लुगडं आवरून तिने मला थोडी जागा करून दिली.

जीप चारोटीकडे निघाली. माझा फोन पिशवीत वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता. बायजी मधूनच वाकून काचेतून सूर्य बघायची. आशागडच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे जीप दहा मिनिटं अडकली तेव्हा तिने पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरली, आपण ढकलली तर गाडी पुढे जाईल अशी.

चारोटीच्या नाक्यावर ती माझ्याआधी उतरली. हायवेला तलासरीकडचा टेम्पो सुटत होता. तिने हात केला, लुगडं गुडघ्याशी धरलं आणि धावली. साठीची बाई, अनवाणी. चपला तिच्या माझ्या जिन्याखालीच राहिल्या होत्या. मागच्या माणसांनी तिला हात देऊन वर ओढलं. टेम्पो उत्तरेकडे गेला. सूर्य अजून बराच वर होता. ती वेळेत पोचणार होती.